भिंगावरची पिवळी काच

भिंगावर काच कायम लावून ठेवावी की नाही, या एवढ्याशा प्रश्नावरून माझं आयुष्यात तिघांशी भांडण झालं. एक माझे गुरू, दुसरी माझी बायको आणि तिसरी टोकावड्याची सगुणा. तिन्ही भांडणं मी हरलो. तिसरं तर दोनदा हरलो.

हे वाचून कुणी म्हणेल, काय हा म्हातारा, काचेवरून कसला भांडतो. म्हणा बापडे. ज्याचं पोट चार बोटं रुंदीच्या भिंगावर चाललेलं असतं त्यालाच ते दुखणं कळतं.

मुरबाडच्या पेठेत माझं फोटोचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची ओटीच. मागच्या भिंतीला एक पडदा, पडद्यावर तळं आणि तळ्यात दोन हंस. हंस मीच रंगवले होते. गिऱ्हाईकं त्यांना बगळे म्हणत, आणि आधी आधी मी त्यांची चूक सुधारत असे. बाजाराच्या दिवशी पेटी, तिपाई, काळं कापड आणि गुंडाळलेला हंसांचा पडदा घेऊन मी शहापूरला जाई. आधी बैलगाडीनं, आणि लढाईत पेट्रोल मिळेनासं झाल्यावर कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्विस मोटारीनं. ती मोटार पुढे धूळ उडवी आणि मागे धूर सोडी, आणि दोन्ही सरळ माझ्या पेटीत शिरत.

आमचं यंत्र साधं. लाकडी पेटी, तिच्या तोंडाला पितळी नळी, नळीत भिंग. मागून काळ्या कापडात डोकं घालायचं, समोरचं माणूस खाली डोकं वर पाय असं दिसतं, ते नीट जुळवायचं. मग मागे काचेची प्लेट सरकवायची, भिंगावरचं टोपण काढायचं, मनात आकडे म्हणायचे आणि टोपण परत लावायचं. कुणी शिंकलं की प्लेट वाया. यात अवघड काही नाही, फक्त न शिंकणारी माणसं मिळायला हवीत.

भिंग मात्र जर्मन होतं. ते घेताना आमची दुभती म्हैस विकली. बायकोनं त्या दिवसापासून भिंगाला म्हैसच म्हणायला सुरुवात केली. "म्हैस पुसलीत का?" "म्हशीवर ऊन आलंय." पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुणे गोठा शोधत परसात जाऊन येत.

भिंगाबरोबर एक पिवळी काचही आली होती, पितळी कड्यात बसवलेली. ती भिंगापुढे आट्यांनी बसवता येई. तिचा उपयोग आकाशातले ढग फोटोत उठून दिसावेत म्हणून. मुरबाडात ढगांचा फोटो काढून घेणारा कोण भेटणार? काच डबीत पडून होती. माझे गुरू अण्णा, ज्यांच्याकडे मी कल्याणला हा धंदा शिकलो, ते सांगायचे की भिंगाला दोनच गोष्टी लागतात, टोपण आणि मालकाचं लक्ष. फोटो घेताना भिंग उघडं हवं. भिंगापुढे आणखी काच म्हणजे चष्म्यावर चष्मा. मी त्यांचा शब्द झेलणारा. काच डबीतच राहिली.

मग सरळगावाजवळच्या एका वाडीत बारशाचा फोटो निघाला. आई पाटावर, मांडीवर बाळ, मागे सगळा गोतावळा. मी टोपण काढून जुळवाजुळव केली होती आणि कापडात डोकं घालून शेवटची नजर टाकत होतो, तर समोर एकदम अंधार. वाटलं, डोळे गेले. बाहेर येऊन बघतो तर बाळाची पणजी भिंगापाशी उभी आणि तिचं बोट काळंकुट्ट.

म्हातारीनं भिंगात काजळ घातलं होतं. तिचं म्हणणं, एवढा मोठा डोळा एकटक बघतोय, पापणीसुद्धा लवत नाही, माझ्या पणतवाला दृष्ट लागेल की नाही? डोळ्यात काजळ घातलं की नजर निवते, हे कुणाला ठाऊक नाही? आणि तिनं हातचं राखलं नव्हतं. तूप घालून घरी पाडलेलं काजळ, चांगलं बोटभर, नळीच्या कडेपर्यंत सारवून दिलं होतं. वर मला म्हणाली की मास्तर, आता तुमचा डोळा थंड राहील.

ते तूप निघता निघेना. दोन दिवस मऊ फडकं आणि स्पिरिट घेऊन बसलो होतो. बायकोनं एकदा येऊन बघितलं, म्हणाली, "म्हशीला काजळ शोभतं हो," आणि आत जाऊन डबीतली काच घेऊन आली. तिचं म्हणणं सोपं होतं. म्हैस एकदाच विकता येते. आता दुसरं भिंग कुठून आणणार? लढाई तोंडावर आलीय, जर्मन माल बंद होणार असं सगळे बोलतायत. काजळ लागो, धूळ लागो, शेरडं चाटून जावोत, काय व्हायचं ते या काचेला होऊ दे. मी अण्णांचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, अण्णांनी म्हैस विकली होती का? काच चढली ती चढलीच.

आता इथं थोडा धंद्यातला भाग सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. त्या काळच्या प्लेटींना रंगांची अक्कल कमी होती. निळा रंग त्यांना पांढरा दिसे आणि पिवळा, तांबडा काळा. त्यामुळे हळद लागलेली नवरी फोटोत कोळशाच्या पोत्यातून काढल्यासारखी यायची. आपली सावळी, उन्हात रापलेली माणसं होती त्याहून काळी यायची, गालांवरचे वांगाचे डाग तर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे. पिवळी काच पुढे असली की निळा उजेड अडतो, पिवळ्यातांबड्याला जरा न्याय मिळतो. आकडे मात्र तिप्पट मोजावे लागतात. मी काच लावली ती भिंग जपायला. पण पहिल्याच आठवड्यात फोटो धुतले आणि बघतो तर सगळी माणसं उजळली होती. हळदीची नवरी गोरी, तिची सासू गोरी, सासूच्या गालावरचे डाग गायब.

महिन्याभरात शहापूरपर्यंत बोलबाला झाला की मुरबाडवाला माणूस उजळ काढतो. मी कुणाला काच दाखवली नाही. "हातगुण आहे," एवढंच म्हणे. आता लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

अण्णा एकदा मुरबाडला आले तेव्हा त्यांना भिंगावर काच दिसली. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी सोवळ्यात चपला घालून उभा आहे. मी काचेची बाजू मांडू लागलो. ते माझे वाळत ठेवलेले फोटो बघत राहिले आणि त्यातला एक उचलला. धसईच्या एका घरचा, संध्याकाळच्या उन्हात काढलेला. थोरल्या मुलाच्या खांद्यावर एक गोल पांढुरका डाग होता. अण्णांनी समजावून सांगितलं की तो सूर्य आहे. तिरपं ऊन भिंगावरून उलटं फिरलं, काचेच्या पाठीवर आदळलं आणि परत आत आलं. उघड्या भिंगात हे भूत असं शिरत नाही. गुरूपुढे हरलो.

दुसऱ्या दिवशी धसईला गेलो, म्हटलं फोटो खराब आलाय, फुकट दुसरा काढून देतो. तिथं आधीच दिलेली एक प्रत भिंतीवर होती, तिला झेंडूचा हार, आणि त्या डागाला गंध लावलेलं. म्हातारे वडील पावसाळ्यात वारले होते. घरातल्यांनी ओळखलं होतं की बाबा थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत. माझ्या पाया पडले. दुसरा फोटो कशाला, म्हणाले, बाबा परत येतील न येतील. मी चहा पिऊन परत आलो आणि काच भिंगावर तशीच ठेवली.

लढाई चांगली पेटली होती तेव्हाची गोष्ट. टोकावड्याचे धर्माबाबा आपल्या मुलीला, सगुणाला, घेऊन माझ्या दुकानी आले. तिला सांगून आलेला मुलगा आटगाव स्टेशनावर सांधेवाला होता, रुळांचे सांधे बदलणारा, गणपत नावाचा. लढाईच्या गाड्यांमुळे त्याला रजा मिळत नव्हती, मुलगी बघायला यायची सोय नव्हती, म्हणून फोटो मागितला होता. सगुणाच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर वांगाचे डाग होते. मी तिला हंसांपुढे बसवलं, आकडे मोजले. फोटोत गाल धुतलेल्या तांदळासारखे स्वच्छ.

योगायोग असा की पुढच्याच बाजाराला शहापुरात गणपतही जवळच्याच आटगावाहून ड्यूटी संपवून माझ्याकडे आला. टोकावड्याच्या माणसांनी उलट त्याचा फोटो मागितला होता. माणूस देखणा, उंच. पण तंबाखूनं दात पिवळे जर्द, आणि पुढे आलेले, त्यामुळे ओठ मिटता मिटेनात. मी म्हटलं, तोंड मिट रे. तो म्हणाला, मिटलंय. त्याचाही फोटो झकास आला. दात कसे, जुईच्या कळ्या.

दोन्ही घरी पसंती झाली. आईबाप नसलेल्या गणपतचं सगळं त्याचा मामा बघायचा, तो माझ्या फोटोवर खूश होता. अखेर गणपतला रजा मिळाली आणि साखरपुड्याचा दिवस ठरला. मलाही टोकावड्याला बोलावणं आलं, पेटी घेऊन या म्हणून.

अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. आत वालाचं बिरडं आणि लापशी शिजत होती. आटगावची दहाबारा माणसं, अख्खं टोकावडं दाराशी. सगुणाला बाहेर आणून पाटावर बसवलं. मामानं धोतराच्या ओच्यातून माझा फोटो काढला, तिच्या तोंडाशेजारी धरला, एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. असं तीन वेळा. मग फोटो माझ्याकडे वळवून विचारलं, "मास्तर, ह्या फोटूत हिची धाकली भैन बसवली का?"

धर्माबाबांना दुसरी मुलगी नव्हती. ते हात जोडून सांगू लागले की हीच ती, गाव साक्षीला आहे. मामाचा आवाज चढला. फसवणूक, लबाडी, डाग लपवले, जे म्हणायचं ते म्हणून झालं. मी मध्ये पडलो. शिकलेला माणूस मी, वाटलं समजावून सांगितलं की संपलं. भिंगावरची काच काढली आणि ओरडून सांगितलं की मुलीची चूक नाही, ही काच मी भिंग जपायला लावतो, हिच्यामुळे डाग दिसत नाहीत, हवं तर डोळ्याला लावून बघा.

काच हातोहात फिरली. ज्यानंत्यानं डोळ्याला लावून सगुणाकडे बघितलं. डोळ्याला ती काच नुसतं सगळं पिवळं दाखवते, प्लेटीचं गणित वेगळं, हे आता कुठल्या तोंडानं सांगणार? एकजण म्हणाला, डाग तर दिसतायत, पोर पिवळी झाली फक्त. दुसऱ्यानं काच लापशीच्या पातेल्याकडे धरली आणि लापशीला रंग छान येतो म्हणाला. मामानं बघितलं, काच माझ्या हातात आदळली आणि म्हणाला की आमी काय जन्मभर सुनेला ह्या काचेतून बघायचं? आणि वहाणा शोधू लागला.

साखरपुड्याला आलेली माणसं अंगणातून उठून गेली की त्या मुलीला पुन्हा कोण विचारणार? ते तिथं प्रत्येकाला कळत होतं. आणि दोष सगळा माझा. म्हैस वाचवायला गेलो आणि पोरीचं लग्न मोडून बसलो.

इतका वेळ खाली मान घालून बसलेली सगुणा तेव्हा बोलली. आवाज मोठा नव्हता, पण मामाची एक वहाण पायात आणि एक हातात राहिली.

"मास्तर, ती काच ह्यांच्या फोटूलापन व्हती का?"

'ह्यांच्या' म्हणाली. अजून तोंडात साखर पडली नव्हती आणि पोरीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं सोडलं होतं. ते बायकांनी बरोबर ऐकलं, कुजबुज झाली. मी म्हटलं, होती गो, तीच काच. तिनं आईला खूण केली, आईनं आतल्या फळीवरून गणपतचा फोटो आणला. सगुणानं तो मामासारखाच धरला आणि पहिल्यांदा मान वर करून गणपतकडे बघितलं.

"ह्याच्यात दात दुधावानी हायेत," म्हणाली.

अंगणभर हशा पिकला. गणपतनं झटकन तोंडावर हात घेतला. थोड्या वेळानं गणपतनं हात काढला, आणि त्याला इतकं हसू येत होतं की होते तेवढे सगळे दात दिसले.

"मामा, वहान काडा," तो म्हणाला. "आनि तिला इचारा, माजं दात चालतील का."

मामानं वहाण काढली, पण तोंड वाकडंच ठेवलं. सगुणा म्हणाली दात चालतील, पण एक अट आहे. आत्ताच्या आत्ता दोघांचा एक फोटो काढायचा, काच न लावता. तो सगळ्यांना दाखवायचा. मग ज्याला उठून जायचं असेल त्यानं जावं.

आता मी तिच्याशी भांडलो. सांगितलं, अगो वेडे, उघड्या भिंगानं खरं येत नाही. प्लेट डाग आहेत त्याहून काळे दाखवते, दातही काळे दाखवते. काच बरं खोटं बोलते, भिंग वाईट खोटं बोलतं. मग बरं खोटं काय वाईट?

"खोटंच बोलायचं तर वंगाळ बोलू द्या," सगुणा म्हणाली. "मंग बघनाऱ्याला आमी बरी वाटू."

दोघांना शेजारी बसवलं, उघड्या भिंगावरचं टोपण काढलं आणि आकडे मोजले. सर्विस मोटार नेमकी तेव्हाच रस्त्यावरून गेली आणि धुळीचा लोट अंगणात आला. माझा जीव भिंगात, आणि माणसं धुळीतही हलेनात.

आठ दिवसांनी तो फोटो घेऊन मी आटगावला गेलो. असा भयंकर फोटो मी जन्मात काढला नव्हता. सगुणाच्या गालांवर मुंग्या बसल्यासारख्या, आणि गणपतच्या तोंडात दातच नाहीत. पेन्सिलीनं प्लेट सुधारून देतो म्हटलं, गणपतनं नको म्हणून सांगितलं. मामानं फोटो हातात घेतला आणि दाराशी उजेडात नेऊन बघितला. मग म्हणाला, "पोर ह्याच्याहून लाखपटीनं बरी हाय." पुढच्या मुहूर्तावर लग्न लागलं आणि तो फोटो त्यांच्या दाराच्या वर लागला.

त्या दिवसापासून मी नियम केला. प्रत्येक गिऱ्हाइकाला काच दाखवायची आणि विचारायचं, काचेतून काढू की काचेशिवाय? प्रामाणिकपणे सांगतो, वर्षानुवर्षं विचारलं आणि एकानंही काचेशिवाय म्हटलं नाही. फौजदार म्हणाले काचेतून, कीर्तनकार बुवा म्हणाले काचेतून, माझी बायकोही म्हणाली काचेतून. मला सगुणाचा फार अभिमान वाटे. गिऱ्हाइकांना मी तिची गोष्ट सांगे. ती ऐकून ते मान डोलवत, शाबास म्हणत, आणि काचेतून म्हणत.

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल. शहापूरच्या बाजारात मी पेटी मांडून बसलो होतो आणि समोर सगुणा उभी राहिली, पाचसहा वर्षांच्या मुलीचं बोट धरून. गणपतची बढती झाली होती, दात तसेच होते म्हणाली. मुलीचा फोटो हवा होता. मुलगी आईसारखीच सावळी, उन्हात खेळून गालांवर आत्तापासूनच बारीक ठिपके, आणि हंसांना बगळे न म्हणता हंस म्हणाली, म्हणून माझी लगेच लाडकी झाली. मी तिला बसवलं. सगुणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. मी काच काढायला आटे फिरवू लागलो.

"राहू द्या," सगुणा म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, अगो, तूच तर भर अंगणात काच काढायला लावलीस. अख्ख्या तालुक्यात तू एकटी. वंगाळ खोटं बोलू द्या म्हणाली होतीस.

"ते माज्यापुरतं व्हतं, मास्तर."

तिनं पदरानं मुलीचे गाल पुसले, फ्रॉक सारखा केला आणि फोटोत येऊ नये म्हणून बाजूला सरकली. मी आटे परत घट्ट केले आणि नेहमीसारखे तिप्पट आकडे मोजले.